वाटेची सोबत

न्युरेम्बर्गच्या जुन्या शहरात पेग्निट्स नदीवर लाकडी छपराचा एक अरुंद पूल आहे. हेंकरश्टेग, म्हणजे जल्लादाचा पूल. त्याला लागूनच जल्लादाचं घर. १५७८ साली फ्रान्त्स श्मिट या शहराचा जल्लाद झाला आणि पुढची चाळीस वर्षं त्याने ते काम केलं. सुतार, लोहार, सोनार, कोणत्याही प्रतिष्ठेच्या कारागिरीत त्याला प्रवेश नव्हता. चारचौघांच्या पंगतीत त्याला जागा नव्हती. घर असं नदीवर अधांतरी, शहरात असून शहराबाहेर. दारूला तो शिवत नसे. आणि तो रोजनिशी लिहीत असे.

ही रोजनिशी मी वाचत होते त्याच दिवसांत ‘वोल्फ क्रीक’ पाहिला. २००५ चा, ग्रेग मॅकलीनचा ऑस्ट्रेलियन चित्रपट. तीन तरुण प्रवासी, माळावर बंद पडलेली गाडी, रात्री मदतीला आलेला एक हसतमुख माणूस. तो त्यांची गाडी ओढून आपल्या तळावर नेतो, शेकोटीपाशी बसवतो, पाणी देतो. पुढचं रक्त अंगावर येतं. काही क्षण मला पडद्याकडे बघवलं नाही. पण झोप उडाली ती त्या रक्ताने नव्हे. पाण्याने. तहानलेल्याला पाणी देणं ही प्रवासातली सगळ्यात जुनी माणुसकी, आणि खुनी नेमका तिथूनच आत शिरतो.

श्मिटलाही हेच डाचत असावं. सुरुवातीच्या त्याच्या नोंदी कोरड्या आहेत: नाव, गुन्हा, शिक्षा. वय वाढतं तशा त्या लांबत जातात आणि त्यात विश्वासघाताची चीड उतरते. रानात गाठून लुटलेले वाटसरू, सोबत्यानेच घात केलेले सोबती. एका नोंदीत रात्री एकाकी गिरणीवर चालून आलेले दरोडेखोर आहेत. त्यांनी गिरणीवाल्याला गोळी घातली, बायकोवर आणि मोलकरणीवर अत्याचार केले, त्यांच्याकडून अंडी तळून घेतली, ती प्रेतावर ठेवली आणि गिरणीवाल्याच्या बायकोला खायला लावलं. आजच्या दिग्दर्शकाने हे दाखवलं तर अतिरेक म्हणू आपण. श्मिट ते चार ओळींत लिहितो आणि पुढे जातो. ज्याचे हात रोज रक्तात, त्याला रक्ताचं वर्णन करायची गरज वाटली नाही.

१५८५ साली त्याच्या चाकाखाली एक लुटारू आला, अनेक खून केलेला. नात्याने तो श्मिटचाच मेव्हणा. लोखंडी पट्टीच्या जड चाकाने हाडं मोडायची ही शिक्षा खुनी लुटारूंसारख्यांसाठी राखलेली. त्या दिवशी श्मिटच्या मनात काय होतं याचा मी पुष्कळ विचार केला. रोजनिशीत मन शोधू जावं तर हाती लागते शिक्षा.

रस्त्याची ही भीती आमच्याकडेही होती. ठगांचा रुमाल सगळ्यांना माहीत आहे. मला जास्त भयंकर वाटतात ते रुमालाआधीचे दिवस: वाटेत भेटणं, मैलोन्‌मैल बरोबर चालणं, एकाच चुलीवर रांधणं, सुखदुःख विचारणं. मेडोज टेलरने १८३९ साली ठगाच्या कबुलीची कादंबरी लिहिली, आणि पुढे हाच टेलर नळदुर्गला कारभार बघायला आला. इंग्रजांनी या कहाण्यांत बरंच तिखटमीठ घातलं असेल. तरी प्रवासात अनोळख्याच्या हातचं खाऊ नये, हे माझ्या आजीने कुठल्या इंग्रजी पुस्तकातून घेतलेलं नव्हतं.

मॅकलीनचं एक मला फार मोलाचं वाटतं. चित्रपटाचा जवळजवळ अर्धा भाग तो फक्त त्या तिघांना देतो. समुद्र, गाणी, चेष्टा, एक अवघडलेलं चुंबन. खुनी येईपर्यंत ती आपली माणसं झालेली असतात. या जातीचे बहुतेक चित्रपट खुन्याला नाव, मुखवटा आणि पुढचे चार भाग देतात. प्रवासी तिथे मोजणीपुरते. ते मला मनापासून चुकीचं वाटतं. रोजनिशीतसुद्धा वाटसरू कुणाकडे निघाला होता, गाठोड्यात कुणासाठी काय होतं, हे क्वचितच कळतं.

न्युरेम्बर्गचा वधस्तंभ शहराच्या तटाबाहेर, फ्राउएनटोर दरवाज्यापलीकडे होता. आज त्याच दरवाज्यासमोर मुख्य रेल्वे स्थानक आहे. सुट्ट्या लागल्या की पाठीवर बोजे घेतलेली पोरं फलाटांवर पसरून बसलेली दिसतात. हल्ली त्यात मराठीही ऐकू येतं. अशीच जर्मन मुलं ऑस्ट्रेलियाला गेली होती. ‘वोल्फ क्रीक’मागे ज्या खऱ्या घटनांची सावली आहे, त्यातल्या इव्हान मिलॅटने बेलांग्लोच्या जंगलात सात तरुण प्रवासी मारले, त्यांतले तिघे जर्मन होते. सगळे असेच, कुणीतरी गाडीत घेईल या भरवशावर निघालेले.

एक इंग्रज तरुण मात्र वाचला. १९९० च्या जानेवारीत मिलॅटने त्याला गाडीत घेतलं आणि वाटेत पिस्तूल काढलं. तो उडी मारून पळाला, मागून गोळी सुटली, आणि भर महामार्गावर तो समोरून येणाऱ्या एका गाडीपुढे उभा राहिला. गाडी एक बाई चालवत होती, आत मुलं होती. हा कोण, कशासाठी धावतोय, तिला काहीच माहीत नव्हतं. तिने त्याला आत घेतलं. १९९६ साली मिलॅटला जन्मठेप झाली, तेव्हा त्याच्याविरुद्ध फार महत्त्वाची ठरली ती या तरुणाची साक्ष.