बादली मागायची लाज

फ्रीजच्या धंद्यात माझी उमेदवारी झाली ती आर-१२ गॅसच्या काळात. एका दाराचा १६५ लिटरचा फ्रीज, मागे काळी जाळी, खाली कॉम्प्रेसर. बिघाड झाला की गॅस, रिले नाहीतर थर्मोस्टॅट, चौथं काही नसायचं. १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर ओझोनच्या पायी तो गॅस हळूहळू बाद झाला, आर-१३४ए आला, मग आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन. हा पेटणारा. लाइन मोकळी केल्याशिवाय त्याच्याजवळ ज्योत नेली तर मिस्त्रीसकट स्वयंपाकघर जायचं. तेही शिकलो. त्यामुळे गंगाखेडात माझी जरा ऐट होती. गॅसचं काम माझं, पाण्याचं काम नळफिटिंगवाल्याचं. आणि त्याला आम्ही मनातल्या मनात एक पायरी खालीच धरायचो.

मग दारातून पाणी देणारे फ्रीज आले. आधी दारात टाकी असलेले, आपणच जारचं पाणी ओतायचे. त्यात बिघडायला फार काही नसतं. बोअरच्या पाण्याचा पांढरा खार तोटीच्या रबराला धरतो आणि दांडा दाबला तरी पाणी येत नाही. रबर काढून लिंबाच्या पाण्यात टाकलं की झालं. खरी पंचाईत आली ती दोन दारांच्या मोठ्या फ्रीजपासून. पुण्याला नोकरीला असलेली मुलं आई-वडलांसाठी ते पाठवू लागली. त्यांना मागून पाव इंची पांढरी नळी जोडलेली असते, तिच्या तोंडाशी विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो, पुढे फिल्टर, आणि मग दारातून नळी वर जाते. थोडक्यात, ते फ्रीजमधलं नळकाम. पण फ्रीजमधलं आहे म्हणून ते माझं, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्या वेळी जे केलं त्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःची बाजू घेणं; ती लबाडी होती. परळी रस्त्यावरच्या एका घरी पाणी बंद म्हणून गेलो. फ्रीज ओढला, मागची पाटी काढली, मीटर लावून बसलो. पुढे येऊन पाहतो तर पॅनेलवर कुलपाचं चिन्ह लागलेलं. घरातल्या नातवाने चाइल्ड लॉक दाबून धरलं होतं. मी पाठ करून उभा राहिलो, बटण तीन सेकंद दाबलं आणि म्हणालो, "बोर्ड रीसेट केला." पैसे घेतले. त्या माणसाने माझी इतकी तारीफ केली की लोक आपापले जळके बोर्ड माझ्याकडे आणू लागले, आणि मला बोर्डातलं ओ की ठो कळत नव्हतं.

दुसरी गोष्ट ऐन मे महिन्यातली. बाहेर ४४ अंश, आणि फ्रीजच्या दारातली नळी गोठलेली. ऐकायला विचित्र वाटतं, पण आमच्याकडे ते उन्हाळ्यातच होतं. बर्फ लवकर व्हावा म्हणून लोक फ्रीझर उणे १८ वरून पार शेवटच्या आकड्यावर नेतात, आणि पाण्याची नळी त्याच फ्रीझरच्या दारातून गेलेली असते. काटा मागे घ्यायचा आणि थांबायचं, नाहीतर केस वाळवायच्या मशीनची कोमट हवा द्यायची, एवढंच काम. मला घाई होती. मोटरसायकलची जुनी क्लच वायर नळीत घातली आणि ढोसलं. बर्फ फुटला, धार आली, घरातल्यांनी चहा केला. आठवड्याने दाराच्या खालच्या कडेतून पाणी झिरपू लागलं. नळीला आतून भोक पडलं होतं आणि दारातला पफ, म्हणजे गारवा धरणारा फोम, भिजून गेला होता. पफमध्ये गाडलेली नळी बदलता येत नाही, दारच बदलावं लागतं. दार मागवलं, पैसे मी भरले. त्या उन्हाळ्याची बरीचशी कमाई त्या दारात गेली.

तरी अक्कल आली नाही. ती आणली एका गुरुजींनी. निवृत्त मुख्याध्यापक, हिशेब वहीत लिहिणारे. मी चप्पल काढतो न काढतो तोच काकू म्हणाल्या, "अहो, ते नवं आरओ बसवलं तवापासून याचं पाणी येईनालंय बघा."

मी म्हणालो, "काकू, त्याचा याच्याशी काही संबंध नसतो."

सगळं निदान त्यांच्या एका वाक्यात होतं आणि मी ते उंबऱ्यातच ठेवून आत गेलो. दांडा दाबला की मागून व्हॉल्व्हचा 'टक्' आवाज येत होता, मीटरवर कॉइल चांगली होती. तरी मी म्हणालो, खाराने आतून जाम झाला असेल. बर्फाच्या ट्रेमध्ये गोळे झाले होते. व्हॉल्व्ह नीट मिटत नाही आणि थेंब गळतात, याचा तो पुरावा असं मी धरलं. नांदेडहून व्हॉल्व्ह मागवून बसवला. फरक नाही. फिल्टर बदलला. फरक नाही. मग सवयीने म्हणालो, "बोर्ड गेला." गुरुजी प्रत्येक वेळी वहीत आकडा लिहीत होते, बोलत काही नव्हते.

बोर्ड यायच्या आत त्यांच्या न्हाणीघराचं काम करायला एक नळफिटिंगवाला पोरगा आला. येता-जाता माझी खुडबूड पाहून त्याने बादली आणली, फ्रीजमागची नळी उपसली आणि टोक बादलीत सोडलं. करंगळीच्या निम्म्याइतकीही धार नाही. "काका, प्रेशरच नाही की!"

या फ्रीजला किमान २० ते ३० पौंड दाब लागतो, पुस्तिकेत छापलेलंच असतं. दहा मीटर उंचीला साधारण १४ पौंड मिळतात. म्हणजे स्लॅबवरची टाकी फ्रीजपेक्षा बारा फूट वर असली तर जेमतेम पाच. गुरुजींकडे आधी नळी न्हाणीघराच्या प्रेशर पंपाच्या लाइनवर होती, म्हणून चालत होतं. आरओ आल्यावर शुद्ध पाणी मिळावं म्हणून कुणीतरी ती भिंतीवरच्या आरओच्या टाकीला जोडली. तिथून मिळणारा दाब नावापुरता. आणि व्हॉल्व्ह नीट मिटायलाही पाण्याचा दाबच लागतो; कमी दाबात चांगला व्हॉल्व्हसुद्धा गळतो. बर्फाचे गोळे मला हेच सांगत होते. मी उलटं वाचलं.

मला बादली मागता आली नसती का? पण मीटर काढणारा माणूस मिस्त्री दिसतो आणि बादली मागणारा प्लंबर. खरं कारण एवढंच होतं.

आरओ आणि फ्रीजच्या मध्ये छोटा बूस्टर पंप बसवला, त्याच पोराच्या हातून. मी आणलेल्या व्हॉल्व्हपेक्षा तो फार महाग नव्हता. गोदाकाठी सकाळी फिरणाऱ्या मंडळींना गुरुजींनी ही हकीकत सविस्तर सांगितली असावी, कारण पुढे बरेच दिवस मोठ्या फ्रीजची कामं माझ्याकडे आली नाहीत. फिल्टरचे आणि मजुरीचे पैसे मी परत केले. नवा व्हॉल्व्ह तसाच राहू दिला. काढलेला जुना चांगला होता. तो नंतर सोनपेठच्या एका गिऱ्हाइकाला जुना म्हणून सांगूनच बसवला आणि आलेले पैसे गुरुजींना नेऊन दिले. त्यांनी वही काढली, रक्कम जमेच्या बाजूला मांडली आणि माझी सही घेतली.