१४ एप्रिलचे दुसरे स्मरण

१४ एप्रिल म्हणजे आमच्या घरी बाबासाहेबांची जयंती. अग्निशमन दलाचा स्मृतिदिनही तोच, हे मला फार उशिरा कळले.

१९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजावरील कापसाच्या गाठी पेटल्या. त्याच जहाजात सुमारे १४०० टन स्फोटके होती. गोदी पोर्ट ट्रस्टची, दारूगोळा लष्करी, बंब महापालिकेचे. जहाज बुडवावे की बाहेर न्यावे, हे ठरवण्याचा अधिकार एका हाती नव्हता. निर्णय रेंगाळला, जवान मात्र पाणी मारीत राहिले. दुपारी चारनंतर स्फोट झाला. दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले.

मित्रहो, यंदा मिरवणुकीच्या कडेला उभा असलेला लाल बंब दिसला, तेव्हा नकळत माझे हात जोडले गेले.