मलाको

सेक्टर ६, भिलाई

चि. बाळे,


काल फोनवर तू रडवेली झाली होतीस. "बाबा, बाळाच्या कानाचं मशीन सुरू केलं, मी हाक मारली, पण तो वळलाच नाही." तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितोय.

चांगल्या कानाच्या शंखात सुमारे साडेतीन हजार केसपेशी आवाजाची थरथर कानाच्या नसेपर्यंत पोचवतात. बाळाच्या त्या पेशी काम करत नाहीत. म्हणून बसवलेल्या कॉक्लियर इम्प्लांटमध्ये कानामागचा माइक आवाज टिपतो, प्रोसेसर त्यातले बारीक-जाड सूर वेगळे करतो, लोहचुंबकाने डोक्याला चिकटलेली चकती ते कातडीतून आत पाठवते आणि शंखात सरकवलेली तार नसेला विजेचे हलके ठोके देते. बारीक सूर शंखाच्या तोंडाशी, जाड सूर आत टोकाकडे. त्याच्या तारेवर इलेक्ट्रोड आहेत २२. साडेतीन हजारांचं काम २२ जणांनी करायचं!

ही तार कानाच्या वळणदार शंखात शिरेल कशी, हे कोडं ऑस्ट्रेलियातल्या डॉ. ग्रॅम क्लार्क यांना समुद्रकिनाऱ्यावर सुटलं. किनाऱ्यावरच्या एका शंखात त्यांनी गवताचं पातं सरकवलं. टोकाला लवचीक, बुडाशी ताठ, म्हणून ते वळत वळत आत गेलं. त्यांचे वडील कमी ऐकायचे, म्हणून त्यांना या कामाची ओढ होती. १९७८ मध्ये मेलबर्नला त्यांनी असं आपलं पहिलं ऑपरेशन केलं.

पण तार आवाज पोचवते, अर्थ नाही. इथला पोलाद कारखाना रशियन मदतीने उभा राहिला; त्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. त्यामुळे माझ्या लहानपणी रशियन कुटुंबं आमच्या आसपास राहायची. त्यांचं बोलणं माझ्या कानांवर रोज पडे, कळत काहीच नसे. एक बाई दुधाकडे बोट दाखवून 'मलाको' म्हणायच्या. एक दिवस त्या बोट न दाखवता तेच म्हणाल्या आणि मी दुधाचं भांडं पुढे केलं.

बाळासाठी आत्ता मराठीही तशीच आहे. दुधाची वाटी दाखव, 'दूध' म्हण. नळ सोडलास की नळाचा आवाज ऐकव. मॅपिंग, म्हणजे मशीनची जुळवणी, आणि स्पीच थेरपी चुकवू नकोस. या वयात मेंदू झपाट्याने शिकतो, म्हणून तर डॉक्टरांनी घाई केली.

रविवारी दुर्गहून गाडी पकडून येतो. बेल वाजली की लगेच दार उघडू नकोस. आधी त्याला 'ऐक' म्हण, कडेवर घे आणि मग दार उघड. बेलमागे आजोबा असतात, हे त्याला पुन्हा पुन्हा दिसू दे.

तुझे,
बाबा