पोलादाची पाती

विजयादशमीच्या दिवशी म्हैसूरच्या राजवाड्यातून निघालेली जंबूसवारी सुमारे पाच किलोमीटरांची वाट चालून ज्या बन्नीमंटपात येऊन पोहोचते, तेथे माझे जवळजवळ पन्नास वर्षांचे वास्तव्य आहे. बन्नी म्हणजे आपली शमी. अज्ञातवासात शिरण्यापूर्वी पांडवांनी ज्या वृक्षावर आपली शस्त्रे ठेवली, त्या वृक्षाचे हे कानडी नाव. रात्री मशालींची ‘पंजिन कवायत’ संपून मैदान रिकामे झाले, की शेजारीपाजारी एकमेकांच्या हाती शमीची पाने ठेवतात, आणि आपट्याचे सोने वाटत वाढलेला मी ती माथ्याला लावून घेतो. परंतु त्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, माझ्या देवघरातील पाटावर निराळ्याच जातीची पाने मांडलेली असतात. ती पोलादाची आहेत. चाकूप्रमाणे मुठीत मिटणाऱ्या, कागदाइतक्या पातळ पात्यांची ती एक जुडी असून प्रत्येक पात्यावर त्याची जाडी इंचाच्या सहस्रांशात कोरलेली आहे. तिला फिलर गेज म्हणतात, आणि ती माझ्या वडिलांची आहे.

वडील अपोलो बंदर ते घारापुरी अशी हौशी प्रवाशांची ने-आण करणाऱ्या एका लाँचवर इंजिन ड्रायव्हर होते. सुकाणू सारंगाच्या ताब्यात आणि इंजिन ड्रायव्हरच्या, अशी त्या जगातील वाटणी असे, आणि दोघांचे परवानेही निराळे असत. पावसाळ्याचे वारे सुटले, की लाँच उरणच्या मोरा बंदराजवळ किनाऱ्यावर ओढून शाकारली जाई. खलाशी आपापल्या गावी निघून जात, आणि नारळी पौर्णिमेपर्यंतच्या त्या मुदतीत, झावळ्यांवर कोसळणाऱ्या पावसाच्या आवाजात, वडील इंजिन उतरवून, उघडून, खाऱ्या पाण्याने खाल्लेले भाग बदलून ते पुन्हा जागेवर बसवीत. मी तेव्हा आठ-दहा वर्षांचा असेन. कंदील धरणे आणि फेरिस्त लिहिणे ही माझी कामे. निघालेला प्रत्येक नट, प्रत्येक नळी, आणि विशेषतः इंजिनाच्या प्रत्येक पायाखालून निघालेले पातळ पत्रे यांची नोंद वहीत व्हावी लागे. ज्या पायाखालचे पत्रे त्या पायाच्या नावाने दोऱ्यात बांधून ठेवावे लागत. एकदा कंटाळून मी कुरकुरलो, तेव्हा वडील म्हणाले, “अरे, उतरवणारा तोच बसवणारा असेल, असं कुठं लिहिलंय? जो बसवील त्याला सांगून ठेव.”

यादवगिरीच्या आयडियल जावा कारखान्यात मला नोकरी लागली, तेव्हा निघताना त्यांनी ती जुडी माझ्या खिशात घातली. 1961 साली मोटरसायकलींचे उत्पादन सुरू केलेल्या त्या कारखान्यातील टू-स्ट्रोक इंजिन एकटा माणूस उचलून टेबलावर ठेवू शके. समुद्रावरील डिझेल इंजिनापुढे ते मला प्रारंभी खेळण्यासारखे वाटले. परंतु सीबी पॉइंटांमधील बारीक फट मोजताना हाताला तीच पाती लागत, आणि फटीतून पाते सरकताना बोटांना जो किंचित अडथळा जाणवावा लागतो, तोही तोच असे. 1996 साली कारखाना बंद झाला. पुढील वर्षे मी बन्नीमंटपाच्या औद्योगिक वसाहतीतील लहानमोठ्या वर्कशॉपांत काढली. फिलर गेज मात्र कधी पेटीत पडून राहिले नाही.

तीन वर्षांपूर्वी एका परिचितांनी आपली जुनी विहारनौका दाखवण्यास मला हेग्गडदेवनकोटे तालुक्यात, कबिनीच्या जलाशयावर नेले. सागवानी बांध्याची, दोन डिझेल इंजिनांची ती नाव एके काळी गोव्याच्या मांडवीत फिरत असे. डावे इंजिन पांढरा धूर ओकत होते आणि उजवे तापत होते. दोन्ही भंगारात घालून नवे यंत्र बसवावे, असा सल्ला त्यांना मिळाला होता. मी त्यांना एवढेच म्हटले, की आधी उतरवून पाहू.

डिझेलचा कॉक बंद केला, पाणी घेणारी तळाची तोटी बंद केली, नळ्यांच्या तोंडांत चिंध्या कोंबल्या, पंख्याच्या दांड्याला इंजिन जोडणाऱ्या कपलिंगच्या दोन्ही चकत्यांवर छिन्नीने खुणा केल्या, आणि मगच बोल्ट सोडले. केबिनच्या फळ्या काढून, चेनपुलीच्या साखळीला लटकलेले पहिले इंजिन काठावर घेतले, तेव्हा हलकी झालेली नाव त्या कुशीवर वर आली आणि इतकी वर्षे पाण्याखाली असलेली शेवाळाची हिरवी रेघ चार बोटे उघडी पडली.

वर्कशॉपात इंजिने उघडली. पाणी खेळणाऱ्या पोकळ्यांच्या भिंतींवर कधीकाळच्या खाऱ्या पाण्याने कोरलेले खड्डे होते. कबिनीच्या गोड्या पाण्याने ते वाढू दिले नव्हते, पण बुजवलेही नव्हते. उरणहून येऊन म्हैसुरात मुरलेल्या मला त्या खड्ड्यांवरून हात फिरवताना काय वाटले, ते सांगण्याची आवश्यकता नाही. पिस्टनच्या रिंगा लायनरच्या अगदी वरच्या टोकापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून तेवढा भाग न झिजता कडेसारखा उरतो; डाव्या इंजिनाच्या त्या कडेत माझे नख अडकले, तेव्हा त्याची झीज समजली. उजव्याच्या लायनरवर नख सहज फिरले, पण त्याची बेअरिंगे अधिक झिजलेली होती. जोडीदाराचा भार आपल्या अंगावर घेऊन ते वर्षानुवर्षे चालले होते. नवे लायनर, रिंगा आणि बेअरिंगे घातली. पाणीपंपाची बुशे ज्या लेथवर कातली, तो हरिहरच्या मैसूर किर्लोस्करचा होता. किर्लोस्करवाडीच्या त्या उद्योगकुलाने 1941 साली म्हैसूर संस्थानात उभारलेल्या कारखान्याचे यंत्र अजून तंतोतंत सूत राखते, याचा मला फार आनंद झाला.

मधल्या काळात काठावर ओढलेल्या नावेत इंजिने परत बसवली, तेव्हा सोबतच्या तरुण कानडी मेकॅनिकची इच्छा कपलिंगची जुळणी तेथेच पक्की करण्याची होती. दोन चकत्यांमध्ये वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे चारी बाजूंना त्याने पाते घालून पाहिले. फरक कुठेच दोन सहस्रांशांहून अधिक नव्हता. मी त्याला थांबवले. नाव पाण्यात सोडली, टाक्या भरल्या, आणि दोन रात्री तिला तशीच तरंगू दिली. तिसऱ्या सकाळी चार सहस्रांशांचे पाते वरच्या बाजूस सैल सरकले आणि खालच्या बाजूस शिरेना. टेकूंवर उभ्या असलेल्या नावेचा आकार निराळा आणि पाण्याने चहूबाजूंनी उचललेल्या नावेचा निराळा. जमिनीवर अचूक ठरलेली जुळणी पाण्यात अचूक राहत नाही. त्या तरुणाने जुडी हातात घेऊन पात्यांवरचे आकडे पुन्हा वाचले, आणि काही न बोलता मागच्या पायांखालचे पत्रे बदलण्यास घेतले.

दोन्ही इंजिने सुरू झाली, तेव्हा त्यांच्या वेगांत थोडा फरक होता, आणि दोन आवाज मिसळून एक घुमारा चढत होता, ओसरत होता. डाव्याचा वेग किंचित वाढवताच घुमाऱ्याच्या लाटा लांबत गेल्या, विरल्या, आणि एकच स्थिर सूर उरला. आयुष्याच्या कितीतरी जुळण्या मी किनाऱ्यावर उभा राहून पक्क्या करू पाहिल्या होत्या. नोकरी, भाषा, गाव, यांतील जे काही नीट जुळले ते पाण्यात पडल्यावर, आणि थोडे थांबल्यावरच जुळले, हे मी त्या सकाळी मनोमन मान्य केले.

ज्यांच्यापाशी जुनी नाव आहे, त्यांना माझी एवढीच विनंती आहे, की इंजिन भंगारात देण्यापूर्वी ते एकदा उतरवून उघडून पाहावे, निघालेल्या प्रत्येक पत्र्याची नोंद पुढच्या माणसासाठी ठेवावी, आणि जुळणीचा अखेरचा बोल्ट नाव दोन रात्री पाण्यात राहिल्यानंतरच आवळावा.