ट्रॉलीला पाटे टाकावे की नाही?

अकोल्याहून मंगरूळपीरच्या सडकेला लागले की वीसएक किलोमीटरवर बार्शीटाकळी येते. तालुक्याचे गाव, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचे स्टेशन. हा मार्ग २००८ साली ब्रॉडगेज झाला. गावात कालंका देवीचे जुने दगडी देऊळ आहे, ताऱ्याच्या आकाराच्या पायावर उभारलेले. तिथल्या शिलालेखात शके १०९८, म्हणजे इसवी सन ११७६ चा काळ आहे. देऊळ पाहण्यासारखे आहेच. पण यंदा दिवाळीनंतर तिकडे गेलो तेव्हा माझे लक्ष वाटांकडेच जास्त लागले, आणि त्या वाटांवरून हेलकावे खात जाणाऱ्या ट्रॉल्यांकडे.

वाटा इथे दोन जातीच्या. अकोल्याच्या अंगाला काळी जमीन. पावसाळ्यात ती चाकाला अशी लपेटते की चाक फिरते आहे की घसरते आहे ते कळू नये. पाऊस सरला की त्याच चाकोऱ्या वाळून विटेसारख्या कडक होतात. दक्षिणेला महानच्या दिशेने निघाले की मुरूम, दगड आणि टेकड्या सुरू होतात. महानला काटेपूर्णा नदीवर धरण आहे. अकोला शहर त्याच धरणाचे पाणी पिते. एकाच तालुक्यात शेतकऱ्याला कुठे गाळात रुतावे लागते, तर कुठे दगडावर आपटावे लागते.

माझा आतेभाऊ काळ्या जमिनीचा. त्याच्या घरी मी दोन दिवस होतो, आणि दोन्ही दिवस एकच वाद चालू होता. त्यांच्याकडे दोन चाकी ट्रॉली आहे, पाटे नसलेली. आख सरळ चौकटीला जोडलेला. मुलाचे म्हणणे, खाली पाटे टाकून घ्यावे. एक तर शेताला जाता-येता बायामाणसांची हाडे खिळखिळी होतात. दुसरे म्हणजे, देवदर्शनाला सगळे घर एकदम शेगावला नेता येईल. आतेभावाला खर्चाची धास्ती. आणि आत्या, वय ऐंशीच्या पुढे, ती म्हणे, "बाप्पा! आमच्या रेंगीले कुठी होते पाटे? खाली कुटार, त्यावर वाकय. निजून जावं मानसानं."

आत्याच्या बोलण्यात तथ्य आहे. वऱ्हाडात माल न्यायला बंडी आणि माणसे न्यायला रेंगी किंवा दमणी. पाटे असत ते शहरातल्या टांग्याला, कारण तो पक्क्या सडकेवर घोड्याच्या दुडक्या चालीने पळे. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतो. त्या चालीला चाक दगडावर चढते आणि उतरते, आपटत नाही. ट्रॅक्टर पंचवीसच्या वेगाने निघाला की तोच दगड खालून घणासारखा बसतो. तेव्हा रेंगीत झोप लागे ती बैलांच्या चालीमुळे, आणि थोडी कुटारामुळे.

दुसऱ्या दिवशी आम्ही तालुक्याला एका कारागिराकडे गेलो. ट्रॉल्या बांधण्यात त्याचा जन्म गेलेला. त्याने ट्रॉलीखाली वाकून पाहिले आणि विचारले, "पाटे मी टाकून देईन, माहं काय जाते? पन भाऊ, तुमाले मान्सं न्याची हायत का माल?"

साऱ्या प्रश्नाची गाठ इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो. पाटा म्हणजे पोलादी पट्ट्यांची कमान. वजन पडले की ती दबते, वजन काढले की उसळते. जेवढे वजन, तेवढे दबणे. आता समजा, तीस क्विंटल माल भरल्यावर तीन इंच दबतील असे पाटे बसवले. त्याच ट्रॉलीत घरची पाच माणसे बसली, अडीच क्विंटल धरा, तर पाटे दबतील पाव इंच. तुरीच्या दाण्याएवढे! मालाच्या मापाचा पाटा माणसांच्या वजनाला जागाच होत नाही. रिकामी ट्रॉली पाटे असूनही खडखडते ती याचमुळे. आणि माणसांच्या मापाचा मऊ पाटा टाकावा, तर पहिल्याच कापसाच्या खेपेला तो आडवा होईल.

कापसाची गोष्ट आणखी वेगळी. कापूस वजनाला हलका पण अंगाने मोठा, त्यामुळे ट्रॉली माडीसारखी उंच भरली जाते. पाट्यांनी चौकट थोडी आणखी वर उचलली जाते आणि एका चाकोरीत चाक गेले की सगळा डोलारा त्या बाजूला कलतो. दोन चाकी ट्रॉली आणि खोल चाकोरी असेल तर या कलण्याला भ्यावेच. पाट्यांच्या फटीत काळा चिखल शिरून वाळतो, पट्ट्या एकमेकींवर सरकत नाहीत, गंज धरतो. मधला बोल्ट तुटला तर आख जागचा सरकतो आणि ट्रॉली ट्रॅक्टरमागे तिरपी चालू लागते.

मग पाटे वाईटच का? तसे नाही. महानकडच्या मुरमाड वाटेवरून निघून डांबरी सडकेने अकोल्याच्या बाजारात लांबची खेप करणाऱ्याने, आणि तीही चार चाकी ट्रॉलीने, पाटे अवश्य घ्यावेत. चौकटीचे सांधे तडकत नाहीत, टायर वाचतात. संत्रा किंवा टमाटर असेल तर तळचा माल चेंगरत नाही, आणि भाव तर तळच्या मालासकट ठरतो. तुरीला आणि सोयाबीनला धक्क्याचे सुखदुःख नाही.

कारागिराने आमच्या ट्रॉलीचे खरे दुखणे दुसरीकडेच दाखवले. जोडणीची पिन झिजून तिचे भोक अंडाकृती झाले होते. ट्रॅक्टर थांबला की ट्रॉली पुढे हिसका देई, निघाला की मागे. चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. आणि टायरमध्ये हवा ठासून भरलेली, तीही रिकाम्या खेपेला. घट्ट टायर चेंडूसारखा उडतो. शेतात हलक्या वजनाला हवा थोडी कमी चालते. मात्र भरल्या ट्रॉलीने सडकेला लागण्याआधी ती टायर बनवणाऱ्याने सांगितलेल्या मापावर आणलीच पाहिजे, नाहीतर टायर तापून फुटतो.

राहिले शेगाव. ट्रॉलीतून माणसे नेण्याला कायद्याची परवानगी नाही, आणि अपघात झाला तर आत बसलेल्यांना विम्याची भरपाई सहसा मिळत नाही. पाटे टाकून यातले काहीच बदलत नाही. उलट, बूड कमी दुखते म्हणून चालवणारा वेग वाढवतो. लग्नाच्या आणि यात्रेच्या दिवसांत उलटलेल्या ट्रॉलीची बातमी आपण दरवर्षी वाचतो. मुलाला हे पटायला जरा वेळ लागला. आत्याने निकाल दिला, "मी एश्टीनं जाईन. मले खिडकी पायजे."

ट्रॉलीला नवी पिन आणि बेअरिंग पडले. शेतापुरते बसायला सुनेने गोणपाटात कुटार भरून दोन जाड गाद्या शिवल्या. पाट्यांचा पैसा आतेभावाने बाजूला ठेवला आहे. शेत आणि पाणंद रस्त्यांसाठी २०२१ साली शासनाने मातोश्री ग्रामसमृद्धी योजना काढली, तिच्यात आपलीही पांदण यावी असा त्याचा प्रयत्न चालू आहे. वाट पक्की झाली की वेग वाढेल, तेव्हा पाट्यांचा हिशेब पुन्हा मांडू, असे तो म्हणतो. पांदणीची मोजणी झाली आहे. मुरूम अजून यायचा आहे.