खटाऱ्यांची शर्यत

मोटारींच्या शर्यती म्हणजे धनिकांचें वेड, अशी आमची समजूत होती. अमेरिकेंत नोकरीस असलेल्या आमच्या चिरंजीवांनीं ‘ट्वेंटी-फोर अवर्स ऑफ लेमन्स’ या हौशी शर्यतींत उतरण्याची संमति मागितली, तेव्हां आम्हीं तिचे नियम मुद्दाम वाचले. २००६ सालीं कॅलिफोर्नियांत सुरू झालेल्या या शर्यतींत मोटारीची किंमत ५०० डॉलरांपर्यंतच असावी लागते. चारपांच मित्रांनीं वर्गणी काढून एखादा खटारा घ्यावा व पाळीपाळीनें हांकावा! मात्र मोटार उलटल्यास टप चेपूं नये म्हणून बसवावयाचा पोलादी पिंजरा, पट्टे, ब्रेक यांचा खर्च त्या ५०० डॉलरांत धरीत नाहींत. ज्या खेळाला गरिबी चालते, पण निष्काळजीपणा चालत नाहीं, त्याला आम्हीं नाहीं कसें म्हणावें?