एकवीस दिवसांचा घास

आमच्या नगर भागात लसूणघासाला पूर्ण नावाने कुणी हाक मारत नाही. नुसता घास. दावणीला दोन गायी आल्या त्या वर्षी ऑक्टोबरात मी दहा गुंठ्यांत आरएल-८८ या राहुरीच्या वाणाचं अडीच किलो बी पेरलं. साठाव्या दिवशी पहिली कापणी झाली आणि मी मोबाइलमध्ये दर एकविसाव्या दिवसाची आठवण लावून टाकली. एकवीस ते पंचवीस दिवसांनी कापावा, असं वाचलं होतं. त्यातले पंचवीस मी सोयीने विसरले.

पौषात पहाटे विळा धरवेना. थंडीत घासही आखडतो. एकविसाव्या दिवशी जेमतेम वीतभर. तरी कापला, गायींना हिरवं हवं होतं ना! दवानं भिजलेला तो कोवळा घास अधाशासारखा खाऊन धाकटीची डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली. डॉक्टर येईपर्यंत माझा जीव टांगणीला. तेव्हापासून आधी कडबा, मग घास.

फेब्रुवारीत ऊन चढलं, शेजारचे वाफे तरारले, आमचा उठेना. जागोजागी टक्कल, त्यात हराळी. आत्यांनी (सासूबाईंना मी आत्या म्हणते) एक खोड उपटून हातात दिलं. मूळ सुतळीएवढं.

"शिदोरी संपली त्याची. भरायच्या आत तू परत हात घातलास."

कापल्यावर नवा फुटवा मुळातल्या साठ्यावर निघतो, आणि पानं मोठी झाली की तो साठा पुन्हा भरतो. थंडीत याला वेळ लागतो, हे माझ्या मोबाइलला कुठलं कळायला?

मग अर्धा वाफा राखला. दहात एखादी काडी जांभळी फुलली की कापायचा. मार्चमध्ये भारे उचलवेनात. पण मेमध्ये पारा चाळिशीपार गेला नि घास गुडघ्याला लागायच्या आतच फुलला, बारीक पानांचा, काडी काडी. आत्या फुलांकडे बघतही नव्हत्या. वाकून बुडाशी बोटं फिरवत. नवे कोंब दोन बोटं वर आलेले लागले की म्हणत, "आज घे. कोंबाच्या वरून."

टकलांमध्ये पुढच्या ऑक्टोबरात नवं बी टाकून पाहिलं. फारसं उगवलं नाही. जुना घास नव्याला शेजारी धड वाढू देत नाही. तिथं आता मका आहे.